साहेबांच्या चुकीने मिळालेली तारीख आपली होते का?

मागच्या रमजानमधली, म्हणजे मार्च २०२५ ची गोष्ट. तरावीह संपवून आम्ही घरी आलो तर ओट्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अब्बा बसलेले. गल्लीत कुणाला पासपोर्टचा फॉर्म भरायचा असला, बँकेचं पत्र वाचून घ्यायचं असलं की लोक आमच्याकडे येतात. मास्तरकीचा हा जोडधंदा चाळीसगावात प्रत्येक शिक्षकाच्या नशिबी असतो. त्यांनी मोबाईल पुढे केला. अमेरिकेतल्या मुलाने एका कागदाचा फोटो पाठवला होता. एच-१बी व्हिसाच्या मंजुरीचं पत्र. त्यावर शेवटची तारीख होती ऑगस्ट २०२६.

"सर, तो म्हणतो ही तारीख चुकीची आहे. जास्तीची मिळालीय. त्याला झोप येत नाही. मी म्हटलं, बेटा, सरकारनेच दिलीय ना? देनेवाले ने दिया, लेनेवाले का क्या कसूर?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर अख्खं घर उभं असतं. बहिणीचं लग्न, घराच्या वरच्या मजल्याचं कर्ज, पुण्यात शिकणारा धाकटा भाऊ, सगळं त्या एका तारखेच्या भरवशावर. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ. आज तो एका घराचा आहे, उद्या आपल्यापैकी कुणाचाही असू शकतो.

सहा वर्षांचा हिशोब

एच-१बी हा अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा. दरवर्षी त्याच्या जितक्या मंजुऱ्या होतात, त्यांत दहापैकी सात भारतीयांच्या असतात. हा व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मिळतो आणि एकूण सहा वर्षांपर्यंतच चालतो. कंपनी बदलली म्हणून ही सहा वर्षं नव्याने सुरू होत नाहीत. त्याआधी कुणी एल-१ व्हिसावर तिथे काम केलं असेल, तर ते दिवसही यातच धरले जातात.

आमचा विद्यार्थी १ ऑक्टोबर २०१९ ला कामावर रुजू झाला. म्हणजे त्याची सहा वर्षं ३० सप्टेंबर २०२५ ला पूर्ण होणार. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने कंपनी बदलली. नव्या कंपनीने तीन वर्षं मागितली आणि अधिकाऱ्याने तीनही मंजूर केली. आधीची चार वर्षं कुणी मोजलीच नाहीत. पत्रावर ऑगस्ट २०२६ छापून आलं, घरी मिठाई वाटली गेली, आणि विषय संपला. दीड वर्षाने ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "तुझी सहा वर्षं कधी भरतात?" तेव्हा याने बोटं मोजली आणि घाम फुटला.

आधी बघा, चूक खरंच आहे का?

अशा वेळी दोन प्रकारची माणसं भेटतात. एक घाबरवणारी, दुसरी "काही होत नाही" म्हणणारी. दोघांनाही बाजूला ठेवून आधी हिशोब करावा. कारण सहा वर्षांपुढची प्रत्येक तारीख चुकीची असतेच असं नाही.

पहिली गोष्ट, जे पूर्ण दिवस माणूस अमेरिकेबाहेर होता ते सहा वर्षांतून वगळून मागता येतात. आजीच्या मय्यतीला आलात, भावाच्या निकाहला आलात, ते दिवस परत मिळू शकतात. मात्र मागावे लागतात आणि पुरावे द्यावे लागतात. पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास. आमच्या विद्यार्थ्याचे असे ९२ दिवस निघाले. म्हणजे त्याची खरी सीमा ३१ डिसेंबर २०२५.

दुसरी गोष्ट, अमेरिकन संसदेने २००० साली केलेल्या एका कायद्याने सहा वर्षांपुढेही मुदत मिळू शकते. ग्रीन कार्डासाठी लागणारं कामगार प्रमाणपत्र किंवा त्यापुढचा आय-१४० नावाचा अर्ज दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील तर एकेक वर्ष वाढवून मिळतं. आय-१४० मंजूर असेल, पण आपल्या देशाचा नंबर लागला नसेल, तर तीन वर्षंही मिळतात. एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त ग्रीन कार्डं देत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग फार लांब आहे. अनेक भारतीय दहा-बारा वर्षं एच-१बी वर राहतात ते याच तरतुदीमुळे. त्यांचं उदाहरण बघून आपलंही चालेल असं समजू नये. त्यांच्या मागे आय-१४० आहे.

तिसरी गोष्ट, चूक कुणाची? कंपनी जो अर्ज भरते त्यात माणूस आधी कधी ते कधीपर्यंत तिथे होता, ते लिहावं लागतं. कंपनीने तारखा बरोबर लिहिल्या आणि अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटल्या, तर ती सरकारी चूक. कंपनीने लिहिल्याच नाहीत, तर ती चुकीची माहिती. पहिलीत माणूस ताठ मानेने उभा राहू शकतो. दुसरीत त्याच्यावरही बोट उठू शकतं. म्हणून आम्ही त्या मुलाला पहिला निरोप दिला तो हाच: कंपनीकडून संपूर्ण अर्जाची प्रत मागून घे. त्याच्याकडे फक्त मंजुरीचं एक पान होतं. अर्ज त्याने कधी पाहिलाच नव्हता.

सरकार आपली चूक परत घेते का?

अब्बांचा समज होता की सरकारी शिक्का बसला म्हणजे मामला पक्का. याचं उत्तर द्यायला एक खरी घटना आहे, तीही अमेरिकेचीच आणि नेमकी याच जातीची.

लहानपणी आईबापांनी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आणलेल्या मुलांसाठी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २०१२ मध्ये एक योजना आणली. त्यात दोन वर्षांचा काम करण्याचा परवाना मिळे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ती मुदत तीन वर्षं करण्यात आली. काही राज्यं कोर्टात गेली आणि १६ फेब्रुवारी २०१५ ला टेक्सासमधले न्यायाधीश अँड्र्यू हेनन यांनी या बदलाला स्थगिती दिली. तरीही खात्याची यंत्रणा काही दिवस जुन्याच हुकमाने चालत राहिली आणि स्थगितीनंतर सुमारे २,००० जणांना तीन वर्षांचे परवाने गेले. न्यायाधीश संतापले. खात्याने त्या सगळ्यांना पत्रं पाठवली: तीन वर्षांचं कार्ड परत करा, दोन वर्षांचं घ्या. जुलै २०१५ अखेरची मुदत दिली. परत न करणाऱ्यांचं संरक्षणच रद्द होईल असं बजावलं. अधिकारी काहींच्या घरापर्यंत गेले.

यातला बारकावा बघा. स्थगितीच्या आधी ज्या सुमारे एक लाख लोकांना तीन वर्षांची कार्डं मिळाली होती, ती त्यांच्याकडेच राहिली. कार्ड तेच, शिक्का तोच, तीन वर्षंही तीच. पण एक कार्ड कायद्याच्या आत दिलेलं होतं, दुसरं कायद्याच्या बाहेर. कागदाकडे बघून हा फरक कळत नाही.

एच-१बी मध्येही खात्याला हा अधिकार आहे. मंजुरी नियमाविरुद्ध दिली गेली किंवा त्यात ढोबळ चूक झाली असं दिसलं, तर ते रद्द करण्याची नोटीस काढू शकतात. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. नोटीस येईलच असं नाही. पण पुढचा प्रत्येक अर्ज, मग तो मुदतवाढीचा असो वा ग्रीन कार्डाचा, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो आणि तो पहिल्यापासून मोजतो.

न्याय्य बाजूही सांगितली पाहिजे. अशा माणसाला कुणी लगेच घुसखोर ठरवत नाही. खात्याच्या धोरणाप्रमाणे बेकायदा मुक्कामाचे दिवस साधारणपणे आय-९४ या प्रवेशनोंदीवरची तारीख उलटल्यावर मोजायला लागतात, किंवा खात्याने वा न्यायाधीशाने तसा निष्कर्ष काढल्यावर. पण एकदा मोजणी सुरू झाली की १८० दिवसांपेक्षा जास्त राहून बाहेर पडणाऱ्याला तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा जास्त राहणाऱ्याला दहा वर्षं प्रवेशबंदी आहे. त्यात २८ फेब्रुवारी २०२५ पासून धोरण आणखी कडक झालं. अर्ज नामंजूर झाला आणि त्या वेळी माणूस कायदेशीर मुक्कामात नसेल, तर त्याला थेट इमिग्रेशन कोर्टाची नोटीस देण्याचा आदेश निघाला. पूर्वी अशा वेळी सामान आवरून निघायला जी सवड मिळायची, तिचा भरवसा आता राहिला नाही.

आम्हा शिक्षकांना हे नवीन नाही

अब्बांना हे पटेना. मग आम्ही आमच्याच पेशातलं उदाहरण दिलं. कुणा शिक्षकाची वेतनवाढ कारकुनाच्या चुकीने एक पायरी वर लागते. वर्षानुवर्षं पगार जास्त येतो. निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तक वेतन पडताळणीला जातं आणि तिथे चूक सापडते. आमच्या ओळखीतल्या एका गुरुजींवर ही वेळ आली होती. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं.

सुप्रीम कोर्टाने १८ डिसेंबर २०१४ च्या रफिक मसीह निकालात यावर दिलासा दिला. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांपेक्षा जास्त काळ जादा पगार घेतलेले, अशांकडून वसुली करू नये असं सांगितलं. पण याच कोर्टाने २०१६ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं की जादा निघालेली रक्कम परत करीन असं हमीपत्र ज्याने दिलं आहे, त्याच्याकडून वसुली होऊ शकते. आणि पुढचा पगार, पेन्शन? ते दुरुस्त पायरीवरच येतं. थोडक्यात, मागचं माफ होऊ शकतं, पुढचं दुरुस्त होतंच. चूक जुनी झाली म्हणून तिचा हक्क बनत नाही.

परक्या देशात तर रफिक मसीहसारखी ढालही हातात नसते.

खरं नुकसान कुठे झालं

लोकांना वाटतं अशा चुकीतला धोका पकडले जाण्याचा आहे. आमच्या मते त्याहून मोठं नुकसान आधीच होऊन जातं आणि ते दिसत नाही. जास्तीची तारीख माणसाला झोपवते.

वर सांगितलं की सहा वर्षांपुढे जायचं तर ग्रीन कार्डाचा पहिला अर्ज ३६५ दिवस आधी पडलेला हवा. या मुलाची सीमा ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे तो अर्ज ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत जायला हवा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये पत्रावर बरोबर तारीख छापली असती, तर त्याने नव्या कंपनीला पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं की माझ्याकडे वेळ कमी आहे, प्रक्रिया सुरू करा. हातात सोळा महिने होते. पण डोळ्यासमोर ऑगस्ट २०२६ होता. तो निवांत राहिला, कंपनी निवांत राहिली. मार्च २०२५ मध्ये जाग आली तेव्हा खिडकी बंद होऊन अडीच महिने झाले होते.

सरकारने त्याला आठ महिने जास्त दिले असं वाटलं. प्रत्यक्षात त्याची कित्येक वर्षं गेली.

मग त्याने काय केलं

त्याने कंपनीच्या वकिलाला लेखी कळवलं. फोनवर बोलून सोडून दिलं नाही. प्रवासाचा तक्ता, शिक्के, तिकिटं जोडली. शिवाय स्वतःच्या पैशाने वेगळ्या वकिलाचा एक तास घेतला, कारण कंपनीच्या वकिलाला कंपनीचं हितही बघायचं असतं. मधल्या काळात अमेरिकेबाहेरचा प्रवास टाळला, ईदलाही आला नाही. कंपनीने ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केली, पण ती वेळेत पुरणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. ठरलं असं की ३१ डिसेंबरच्या आत भारतात यायचं आणि पुण्याच्या ऑफिसातून काम करायचं.

आणि मग १९ सप्टेंबर २०२५ उजाडला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-१बी च्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. रुपयांत सुमारे ८८ लाख. २१ सप्टेंबरपासून, बारा महिन्यांसाठी. पुढे खात्याने खुलासा केला की अमेरिकेत राहूनच मुदतवाढ मागणाऱ्यांना ती लागू नाही, बाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या अर्जांना आहे. म्हणजे जो आत बसलाय तो वाचला, जो प्रामाणिकपणे बाहेर पडेल त्याच्यासाठी दार ८८ लाखांचं झालं.

त्या रात्री अब्बा पुन्हा आले. या वेळी आवाज चढलेला होता. "सर, आता सांगा. गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं?"

खोटी तसल्ली आम्ही दिली नाही. गप्प राहिला असता तर कदाचित ऑगस्ट २०२६ पर्यंत काही झालं नसतं. पण ऑगस्टनंतर काय? पुढची मुदतवाढ मागताना हिशोब उघडा पडला असता, आणि तेव्हा पहिला प्रश्न आला असता: तुला माहीत होतं का? न कळता घेतलेला फायदा आणि कळल्यावर दाबून ठेवलेला फायदा, दोन्ही सारखे नसतात. हे कायद्यालाही कळतं आणि आपल्या दीनलाही. ज्याचा हिशोब आपल्याला ठाऊक आहे ती अमानत असते. कुणी मागायला येवो न येवो.

मुलगा डिसेंबरमध्ये आला. आज तो पुण्यात आहे, अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्री काम करतो, पगार निम्म्याहून कमी. दर दुसऱ्या शनिवारी चाळीसगावच्या स्टेशनवर उतरतो. वरच्या मजल्याचं काम थांबलंय. पण त्याच्या नावावर एकही दिवस बेकायदा मुक्कामाचा नाही. फाईल पुढे सरकली तर दार पुन्हा उघडू शकतं. नाहीतर पूर्ण एक वर्ष बाहेर काढल्यावर सहा वर्षं नव्याने मागता येतात, अर्थात लॉटरीत नंबर लागला तर. इन्शाअल्लाह, काहीतरी मार्ग निघेल. निघेलच असं आम्ही म्हणत नाही.

आपल्या घरासाठी

आपल्यातली बहुतेक घरं अमेरिकेपेक्षा आखातशी जोडलेली आहेत. तिथेही हाच घोळ होतो: कागदावरची तारीख एक, राहण्याची मुदत दुसरी. सौदीचा एक वर्षाचा पर्यटन व्हिसा म्हणजे एक वर्ष राहण्याची परवानगी नव्हे. मुक्काम एकूण ९० दिवसांचाच. २०२५ मध्ये उमरावाल्यांसाठी सौदीने १३ एप्रिल ही प्रवेशाची आणि २९ एप्रिल ही परतण्याची शेवटची तारीख जाहीर केली होती. हज जवळ आला की अशी सीमा येते, मग व्हिसाचे दिवस उरलेले असोत की नसोत. दुबईत मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. एजंटने "कागद पक्का आहे" म्हटलं होतं, हे तिथे कुणी ऐकत नाही.

म्हणून एक काम आज रात्रीच करा. घरातला जो कुणी परदेशात आहे त्याला फोन लावा आणि तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. पहिला प्रवेश कोणत्या तारखेला झाला. कायद्याने जास्तीत जास्त किती दिवस राहता येतं. आणि कागदावर कोणती तारीख छापली आहे. दुसरी आणि तिसरी गोष्ट जुळत नसेल, तर जी आधी येते तीच आपली तारीख समजा आणि त्या देशातल्या जाणकार वकिलाला लेखी विचारा. पासपोर्टच्या प्रत्येक शिक्क्याचा फोटो घरी ठेवा. मंजुरीच्या एका पानावर समाधान न मानता पूर्ण अर्जाची प्रत मागा. आखातात अडचण आली तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल आहे. तक्रार नोंदवली की नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

परवा आम्ही त्या घरी गेलो होतो. मंजुरीचं ते पत्र अब्बांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय. त्यावरची ऑगस्ट २०२६ ही तारीख अजून उलटलेली नाही. त्यांनी ते आम्हाला दाखवलं, पुन्हा घडी घातली आणि म्हणाले, "सर, धाकट्याचाही पासपोर्ट काढायचाय. या वेळी वही आधी घेतलीय."